पलीकडची किल्ली

कुलूपवालीने केलेल्या कुलपात पहिल्याच दिवशी तिच्याच बापाचा हात अडकला, तेव्हा टपाल कचेरीच्या हॉलमधली माणसं आधी हसली. हसणारच. इतके महिने ज्या कुलपाचं कौतुक ऐकून सगळ्यांचे कान किटले होते, त्याने पहिला चोर म्हणून पकडलं ते अप्पांना! लाखोबा तर टेबलाला धरून हसत होता. मग अप्पा हात बाहेर ओढायला गेले, डबीतून पुन्हा 'कट्' असा आवाज आला, अप्पांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

त्या दुसऱ्या 'कट्'चा अर्थ हॉलमध्ये एकाच माणसाला नीट कळला होता. कुलूपवालीला.

पण आधी हे कुलूप काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर हात आत गेला तर बाहेर का येईना, हे कुणाला कळायचं नाही.

टपालाच्या थैलीचं तोंड पूर्वापार दोरीने बांधायचे. दोरीला गाठ, गाठीवर लाख, लाखेवर शिक्का. गाठ अप्पा मारायचे आणि लाख लाखोबा ओतायचा. दोघांची वर्षानुवर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना गेली; लाखोबा थोडा लहान, तो अजून नोकरीत होता. लाखोबाचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. अप्पांची गाठ त्यांची स्वतःची होती. ओढली की घट्ट बसायची आणि एका ठरावीक जागी बोट घातल्याशिवाय सुटायची नाही. हॉलमधल्या कितीतरी जणांनी शिकायचा प्रयत्न केला, पण कुणाला म्हणून जमली नाही. जमली ती फक्त अप्पांच्या मुलीला. ती वेणीच्या रिबिनीला, दप्तराच्या बंदाला, शेजारणीच्या पिशवीला, दिसेल त्याला ती गाठ मारून ठेवायची आणि मग आई दातओठ खात सोडवत बसायची. अप्पा मात्र खुशीत असायचे.

अप्पांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असताना एक थैली दूरच्या गावी, पलीकडच्या कचेरीत पोचली ती अर्धी रिकामी. कुणीतरी वाटेत, नाहीतर निघण्याआधीच, ती उघडून पुन्हा बांधली होती. लाखेचं काय, ती कुणीही ओतेल. शिक्का टेबलावरच पडलेला असायचा. पण गाठ अप्पांची होती. हुबेहूब. तेव्हाच्या साहेबांनी अप्पांना आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही नव्हतात ना?"

"नाही, साहेब," अप्पा म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. "बरं. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

झालं, एवढंच. चौकशी पुढे गेली नाही, बडतर्फी नाही, पेन्शन पूर्ण मिळालं, निरोपाला चार शब्द गोडही बोलले गेले. पण ते वाक्य अप्पांच्या घशात जे अडकलं ते अडकलंच. जेवता जेवता हात थांबायचा आणि ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "तसंच असेल, म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मुलगी तेव्हा कॉलेजला जाताजाता रोज हॉलवर त्यांचा डबा पोचवायची. पुढे ती कुलपांच्या कारखान्यात लागली, मग स्वतःचं वर्कशॉप काढलं. सगळी गल्ली तिला कुलूपवाली म्हणू लागली आणि तिलाही ते आवडलं. टपालखात्याला थैल्यांसाठी नवीन कुलूप हवंय हे कळलं त्या दिवशी ती पळत घरी आली. तिच्या डोक्यात कुलूप नंतर आलं, आधी आलं ते साहेबांचं वाक्य. तिने अप्पांना समोर बसवलं.

"अप्पा, थैली बांधणाऱ्याला ती बंद करता यावी, पण उघडता येऊ नये. त्याच्या मनात असलं तरी. किल्ली त्या कचेरीत राहीलच कशाला? जिथे थैली जाणार तिथेच फक्त किल्ली. मग बांधणाऱ्यावर संशय घेणार कोण?"

अप्पा उठून आत गेले आणि तोंड धुऊन बाहेर आले. डोळे तरीही लाल होते.

तिने जीव ओतून काम केलं. थैलीच्या तोंडाला कड्या, कड्यांतून जाणारा चपटा, दातेरी पट्टा, पट्ट्यात विणलेली पोलादी तार. पट्ट्याचं टोक एका छोट्या लोखंडी डबीत शिरायचं. ओढलं की पुढे सरकायचं, 'कट्' व्हायचं आणि आतला खटका त्याला मागे येऊ द्यायचा नाही. खटका उचलायला किल्ली. आणि तिचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे, हिसका दिला, करवत लावली, पक्कड घातली, काहीही छेडछाड केली की पट्टा सैल पडण्याऐवजी आणखी एक दात पुढे सरकायचा. "जो हात घालेल त्याच्यावरच उलटेल," असं ती मिटक्या मारत सांगायची.

चोरांबद्दल तिने अप्पांना खोदून खोदून विचारलं होतं. ते कापड कुठे फाडतात, गाठ कशी उकरतात, लाख कशी तापवतात. चोराचा हात कुठे कुठे जाईल हे तिला तोंडपाठ होतं. बापाचा हात कुठे जातो हे विचारायचं मात्र राहून गेलं.

थैल्या बांधणाऱ्यांची एक सवय असते. शेवटचं पत्र पडलं की उजवा हात थैलीत घालून वरची पत्रं तळव्याने सपाट करायची, म्हणजे कोपरे गाठीत अडकत नाहीत. याला ते 'निरोपाचा हात' म्हणायचे. हात आत असतानाच डाव्या हाताने आणि दातांनी दोरी आवळत आणायची आणि फास बसता बसता हात बाहेर. दोरी हळूहळू आवळत येते, ती तेवढी सवड देते. अप्पांना असं काही आपण करतो हेही आठवत नव्हतं. सांगितलं असतं तर 'छे, काहीतरीच!' म्हणाले असते.

कुलूप मंजूर झालं त्या बैठकीत आताचे पोस्टमास्तर म्हणाले होते, "बाई, अडीअडचणीला एक किल्ली आमच्या तिजोरीत राहू द्या."

"एक किल्ली इथे राहिली की इथला प्रत्येक माणूस पुन्हा संशयित झाला," ती ताडकन म्हणाली होती. "किल्ली एकच आहे, आणि ती पलीकडे गेली आहे. या इमारतीतच काय, या गावात दुसरी नाही. माझा शब्द."

कोपऱ्यातल्या खुर्चीत अप्पा बसले होते. त्यांची मान कधी नव्हे इतकी ताठ झाली होती.

म्हणून आज पहिली थैली बंद करायचा मान अप्पांचा होता. खरं टपाल, खरी थैली. सगळा हॉल कामं टाकून गोळा झालेला. अप्पांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी पत्रांवरून हात फिरवला, डाव्या हातात पट्ट्याचं टोक घेतलं आणि सवयीने ओढलं. दोरी असती तर निम्मी आवळली गेली असती. पट्टा एका ओढीत संपूर्ण बसला.

हसणं थांबल्यावर पहिल्यांदा ओरडली ती कुलूपवाली. "हलू नका! अप्पा, हात अजिबात हलवू नका!"

"अगं, पण सोडव ना मग," अप्पा म्हणाले. अजून त्यांच्या चेहऱ्यावर अर्धं हसू होतं. थैली टेबलावर, हात मनगटापर्यंत थैलीत, आणि पट्टा मनगटाच्या मांसात रुतलेला.

"हो, बाई, सोडवा लवकर," पोस्टमास्तर म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच आठवलं. "किल्ली... किल्ली तर पलीकडे."

मास्तर फोनकडे धावले. पलीकडून कुणीतरी किल्ली घेऊन लगेच निघतो म्हणालं. रस्ता मोकळा मिळाला तर संध्याकाळपर्यंत पोचेल. आत्ता तर सकाळची चहाची वेळसुद्धा झाली नव्हती.

"संध्याकाळपर्यंत?" लाखोबा किंचाळला. "हात राहील का तोवर? पक्कड आणा कुणीतरी! करवत आणा!"

"करवत नको!" कुलूपवाली मधे आली. "करवतीने तो आणखी आवळेल. पक्कडीनेही. मी... मी तसाच बनवलाय तो."

लाखोबाने टेबलावरची कात्री उचलली. "मग निदान थैली तरी फाडतो, हाताला वारा लागेल."

"थैलीला हात लावायचा नाही!" अप्पा गरजले. "टपाल आहे आत!"

त्या ओरडण्याने हात हलला. कट्. अप्पांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मनगटाच्या वरची शीर टम्म फुगली होती. लाखोबाने घाबरत घाबरत दोन कड्यांमधली कापडाची चुणी जराशी फाकवून आत पाहिलं आणि पटकन मान वळवली. बोटं जांभळी पडत चालली होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझीच जीभ जड होते. किल्ली तिच्याजवळ होती. खांद्याला लटकवलेल्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, चष्मा पुसायच्या कापडाखाली. चपटी, बोटाएवढी, वर तिच्या वर्कशॉपचा छाप असलेली.

चोरी तिच्या मनात स्वप्नातही नव्हती. पण किल्ल्या हरवून रडत आलेली माणसं पाहण्यात तिचा जन्म गेला होता. दाराआड अडकलेली मुलं, कपाटात अडकलेली औषधं. आपल्या हातचं कुलूप आपल्याला उघडता येणार नाही, ही कल्पनाच तिला सोसेना. पहिली किल्ली पलीकडे पाठवायच्या आदल्या दिवशी तिच्या हातांनी दुसरी कातून ठेवली. तोंडाने मात्र ती म्हणत राहिली, एकच आहे, एकच आहे. इतकं म्हटलं की तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि आता बापाची बोटं जांभळी पडत असताना तिचा हात पर्सवर गेला आणि तिथेच थांबला. सगळा हॉल बघतोय. मास्तर बघतायत. किल्ली काढली की कुलूप गेलं, शब्द गेला, सगळं गेलं. किती वेळ थांबला हे कुणाला सांगता येणार नाही, पण थांबला हे नक्की. आपण थांबलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. बापाचा हात जातोय आणि ही बाई विचार करत उभी आहे! ती बाई आपणच, हे तिला क्षणभर पटेचना.

तिने मान वर केली. अप्पा तिच्याकडेच बघत होते. चेहऱ्याकडे नाही. पर्सवरच्या हाताकडे.

तिने चष्म्याचं घर काढलं, कापड बाजूला केलं, किल्ली डबीत घातली आणि फिरवली. खटका उचलला गेला. पट्टा सैल पडला. अप्पांचा हात बाहेर आला तो पाण्यात भिजलेल्या चिंधीसारखा लोंबत.

कुणी 'सुटला बाबा एकदाचा' म्हटलं नाही. हॉलमधल्या सगळ्या नजरा डबीत अडकवलेल्या त्या किल्लीवर खिळल्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "ही काय आहे?"

उत्तर अप्पांनीच मागितलं. हाताकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "कुणाची ही?"

"माझी."

"तू तर म्हणाली होतीस, एकच आहे."

"अप्पा, कधी कुणी अडकलं तर... मला फक्त एवढंच..." तिने डबीकडे बोट केलं. "बघा ना, आजच लागली की नाही?"

"लागली," अप्पा म्हणाले. "म्हणून कळली."

लाखोबा मधे पडायला गेला, "अरे अप्पा, पोरीने हात वाचवला तुझा," पण अप्पांनी डावा हात नुसता वर केला आणि तो गप्प झाला. त्याच डाव्या हाताने त्यांनी डबीतून किल्ली काढली. ती उलटी केली, छाप वाचला. मग थैलीच्या उघड्या तोंडातून ती पत्रांवर टाकली. तळव्याने वरची पत्रं सपाट केली. हात बाहेर काढला, रिकामा असल्याचं सगळ्यांना दाखवलं, थैली गुडघ्याने दाबून धरली आणि पट्टा ओढला.

कट्.

"अहो, अप्पा!" मास्तर ओरडले. "पुरावा होता तो!"

"पुरावाच पाठवलाय, साहेब. पलीकडे उघडतील तेव्हा पत्रांच्या आधी तोच हाताला लागेल. छापासकट. तिथल्या माणसाला फोन करून सांगा, यायला नको, थैलीच येते आहे." आणि ते बाकावर जाऊन बसले.

लाखोबाने निमूटपणे थैली ढकलगाडीवर घातली आणि दाराबाहेर नेली. माणसं एक एक करून आपापल्या टेबलांशी गेली. मास्तर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कुलूपवाली बापाशेजारी बसली. तिने त्यांचा हात मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. बोटं हळूहळू जांभळ्याची लाल होत होती. मनगटाभोवती तिच्या पट्ट्याचे दात उमटले होते, अगदी तिने कागदावर आखले होते तसे. ती रडत होती. अप्पा रडत नव्हते. ते समोरच्या टेबलाकडे बघत होते, जिथे ते आयुष्यभर गाठी मारत उभे राहिले होते. आता त्यांचं लक्ष कशावर होतं ते तिला कळलं नाही. तिला वाटलं, हात दुखत असेल.

"दुखतंय का फार?" तिने विचारलं.

"माझी गाठ तुलाही येत होती," अप्पा म्हणाले.

तिचे हात थांबले.

"त्या वर्षी तू रोज डबा घेऊन यायचीस," अप्पा हळू आवाजात बोलत होते, जणू एखादा हिशेब पहिल्यांदाच जुळवत होते. "थैल्या बांधून दाराशी ठेवलेल्या असायच्या. इतकी वर्षं मी सगळ्यांचे चेहरे आठवले. लाखोबाचा आठवला, गाडीवाल्याचा आठवला. तुझा कधी आठवला नाही."

"अप्पा!"

"तू नव्हतीस ना?"

तिने त्या थैलीला कधी बोटही लावलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ही शपथ घ्यायला तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, याच तोंडाने याच हॉलमध्ये आपण म्हणालो होतो, किल्ली एकच आहे. माझा शब्द.

"नाही, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि आपला हात तिच्या मांडीवरून हळूच काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल."